मोटारीची झिलई

मोटारीच्या पत्र्यावर चढविलेले सारे थर, अगदी तळाच्या गंजरोधक लेपापासून वरच्या पारदर्शक थरापर्यंत, एकत्र मोजले तरी त्यांची जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास भरते. आणि तरीही मालकाचा, ड्रायव्हरचा आणि रोज पहाटे बादली व फडके घेऊन सोसायटीच्या आवारात येणाऱ्या माणसाचा हात गाडीच्या दुसऱ्या कोणत्याही भागापेक्षा या थरावरूनच अधिक फिरतो. हा हात कसा फिरावा, पाणी किती असावे, ऊन असावे की सावली, पॉलिश केव्हा करावे आणि केव्हा करू नये, याविषयी प्रत्येक गॅरेजात, प्रत्येक टॅक्सीतळावर आणि प्रत्येक घरात काही ठाम मते रूढ आहेत, आणि ती एकाने दुसऱ्याला, वडिलांनी मुलाला, मिस्त्रीने शागिर्दाला सांगत आणलेली असल्यामुळे त्यांना शिरस्त्याचे बळ आलेले आहे. परंतु या मतांचा उगम शोधू लागले म्हणजे ती एका काळाची नव्हेत असे दिसून येते. काही बग्गीच्या पागेतून आलेली आहेत, काही दोन महायुद्धांमधल्या रसायनशाळेतून, काही तुटवड्याच्या दिवसांतील काटकसरीतून. आणि ज्या पृष्ठभागासाठी ती बनली तो पृष्ठभाग मधल्या काळात दोनतीनदा पार पालटून गेलेला आहे. निगा राखण्याचे नियम रंगाहून दीर्घायुषी ठरले, आणि त्यामुळेच आज पुष्कळ गाड्यांची कांती त्या ज्यांना प्रिय आहेत त्यांच्याच हातांनी उतरते, ही गोष्ट मला इतिहासाच्या दृष्टीने जितकी उद्बोधक, तितकीच व्यवहाराच्या दृष्टीने खेदाची वाटते.

मोटार जन्मली तेव्हा तिला स्वतःचा असा रंग नव्हता; तिने तो घोडागाडीकडून घेतला. एकोणिसाव्या शतकात उत्तम प्रतीची बग्गी रंगवावयास घेतली म्हणजे ती कारखान्यातून बाहेर पडण्यास कित्येक आठवडे लागत. प्रथम जवसाच्या तेलात खललेल्या सफेद्याचे हात लाकडावर देत. मग खरड भरून काढण्यासाठी जाडसर लेपाचे थरावर थर चढवीत आणि ते वाळले की पमिस नावाच्या ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाने, पाणी घालीत, सारा पृष्ठभाग सपाट होईपर्यंत घाशीत. त्यानंतर रंगाचे पातळ हात, आणि सर्वांच्या वर रोगणाचे. हे रोगण म्हणजे चंद्रसासारखी राळ जवसाच्या तेलात शिजवून आणि टर्पेंटाइनने पातळ करून केलेला पाक असे. त्याचाही प्रत्येक हात वाळल्यावर पमिसच्या पुडीने, ओल्या नमद्याने घासून काढीत, आणि शेवटचा हात देताना खोलीत धुळीचा कण राहू नये म्हणून भुई ओली करून, दारे लावून, वारासुद्धा बंद ठेवीत. तेलाचे रोगण वाळते म्हणजे त्यातील पाणी उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते, आणि ही क्रिया कोणाच्या हुकमाने लवकर होत नाही. म्हणून त्या काळी झिलई ही मुख्यतः काळाची कमाई होती. मालकाने पैसे मोजले ते रंगाचे थोडे आणि मुदतीचे पुष्कळ.

या रोगणाच्या कच्च्या मालाशी आपल्या किनाऱ्याचा खरा संबंध आहे. सर्वांत कठीण आणि म्हणून सर्वांत मानाचा चंद्रस झांझिबारसमोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जमिनीतून खणून काढीत. प्राचीन वृक्षांचा पाझरलेला रस मातीत शतकानुशतके गाडला जाऊन दगडासारखा झालेला असे, आणि वरचे मातीचे कवच धुऊन काढले की त्याच्या अंगावर पिसे काढलेल्या हंसाच्या कातडीवर दिसतात तसे बारीक उंचवटे दिसत. हा माल एकोणिसाव्या शतकात कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या हातून मुंबईस येई आणि मुंबईहून विलायतेस रवाना होई, त्यामुळे लंडनच्या बाजारात त्याच्याशी मुंबईचे नाव जोडले गेले. पुढे न्यूझीलंडच्या उत्तर भागातील काउरी वृक्षाची राळ या धंद्याचा मोठा आधार झाली. १८५० ते १९५० या शंभर वर्षांत तिचे सुमारे साडेचार लाख टन निर्यात झाले आणि दलदली खणून ती काढणारे माओरी आणि डाल्मेशियाहून आलेले मजूर यांचे एक स्वतंत्र जगच तेथे उभे राहिले. हिंदुस्थानात बग्ग्या बांधणारे कारखाने जुने होते. कलकत्त्याची स्ट्यूअर्ट कंपनी १७७५ पासूनची आणि मद्रासची सिम्प्सन १८४० ची, आणि पुढे मोटारी आल्या तेव्हा त्यांच्यासाठी सांगाडे बांधण्याचे आणि ते रंगविण्याचे कसब अशाच कारखान्यांत आधीपासून तयार होते.

इतक्या सायासाने मिळविलेली झिलई टिकविण्यासाठी कोचमनांनी जे नियम केले होते ते त्यांच्या अनुभवाचे सार होते, आणि ते मी जरा विस्ताराने सांगतो, कारण पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली त्यांत आहे. गाडी बाहेरून आली की रात्र असो वा पाऊस, चिखल वाळण्याआधी ती धुतलीच पाहिजे, कारण वाळलेला चिखल काढताना रोगणावर ओरखडे उठतात आणि कित्येक प्रकारच्या चिखलांतील क्षार त्याचे तेज खातात. धुताना आधी भरपूर पाणी ओतून माती आपोआप सुटू द्यावी. स्पंज नंतर, आणि तोही हलका. उन्हात धुऊ नये, उन्हात वाळवू नये, पाण्याचा थेंब रोगणावर सुकू देऊ नये. ऊन पाणी आणि साबण वर्ज्य. वरच्या पेटीसाठी एक स्पंज आणि एक शॅमॉय, म्हणजे तेलाने कमावलेले मऊ चामडे, आणि चाकांसाठी व खालच्या साट्यासाठी दुसरा स्पंज व दुसरे चामडे. या दोहोंची अदलाबदल हा नोकराचा मोठा अपराध समजत. गाडीखाना तबेल्याला लागून असू नये, कारण शेणमुताच्या वाफेतील अमोनियाने रोगण मंद होते. आणि नवी रंगविलेली गाडी पहिले काही दिवस थंड पाण्याने वारंवार धुवावी, त्याने रोगण कठीण होते, असाही एक दस्तुर होता. या नियमांत घासून चमक आणण्याचा नियम कोठेच नाही, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. चमक रोगणाच्या अंगची होती. कोचमनाचे काम ती आणण्याचे नव्हते, ती न बिघडविण्याचे होते. पारदर्शक थराखाली रंग सुरक्षित होता, आणि त्या पारदर्शक थराला शक्य तितके कमी शिवावयाचे, इतकीच ती विद्या होती.

मुंबईच्या रस्त्यावर पहिल्या मोटारी १८९८ साली आल्या आणि त्यांच्या आरंभीच्या मालकांत जमशेटजी टाटांची गणना होते. त्या मोटारी रंगाच्या बाबतीत बग्ग्याच होत्या, आणि त्यांची निगा राखणारेही पुष्कळदा पागेतूनच आलेले असल्यामुळे कोचमनाचा शिरस्ता त्यांच्याबरोबर सहज चालून आला. अडचण उत्पन्न झाली ती अमेरिकेत, आणि तीही मोटारींच्या संख्येमुळे. हेन्री फोर्ड याने १९०८ साली आणलेले टी मॉडेल जेव्हा सरकत्या साखळीवर तयार होऊ लागले, तेव्हा गाडीचा सांगाडा काही तासांत उभा राहू लागला, परंतु तिचा रंग पूर्वीसारखाच काळाचा चाकर राहिला. गाड्या वाळत ठेवण्यासाठी छपरेच्या छपरे लागत. १९१४ पासून १९२५ पर्यंत फोर्डने ही गाडी काळ्याच रंगात विकली ती याच निकडीतून. काळ्या लेपाचा आधार नैसर्गिक डांबरासारखे एक खनिज होते. तो स्वस्त होता, चिवट होता आणि भट्टीत भाजला असता बिघडत नसे. फिकट रंगाची रोगणे मात्र भट्टीच्या उष्णतेने पिवळी पडत. ज्यांना निळी, हिरवी, तांबडी मोटार हवी असे त्यांना महागड्या गाडीचे दाम आणि बग्गीच्या काळची मुदत, दोन्ही द्यावी लागत.

ही कोंडी फोडली ती एका अपघाताने. पहिल्या महायुद्धानंतर ड्यूपाँ कंपनीपाशी गनकॉटनचे, म्हणजे नायट्रिक आम्लाचा संस्कार केलेल्या कापसाचे, ज्ञान आणि यंत्रसामग्री मुबलक होती, आणि त्याच द्रव्यापासून सिनेमाची फिल्मही होत असे. न्यू जर्सीतील पार्लिन येथल्या तिच्या कारखान्यात १९२० साली अशा द्रावणाचे एक पिंप काही दिवस उघड्या उष्ण हवेत पडून राहिले आणि उघडून पाहिले तो आतील दाट चिकट पदार्थ पाण्यासारखा वाहता झालेला. द्रावण पातळ होऊनही त्यातील घन द्रव्य तेवढेच राहिले होते, म्हणजे त्यात रंगाची भुकटी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक भरता येणार होती आणि ते फवाऱ्याने मारता येणार होते. जनरल मोटर्सचा संशोधक चार्ल्स केटरिंग रंगाची मुदत कमी करण्याच्या मागे लागलेला होताच. दोन्ही कंपन्यांच्या सहकार्यातून ‘ड्यूको’ हे लॅकर तयार झाले आणि १९२३ साली त्याचा निळा रंग लेऊन ओकलंड मोटार बाजारात आली. ड्यूको प्राणवायूची वाट पाहत नसे. त्यातील द्रावक उडाला की ते वाळले, आणि ही क्रिया मिनिटांची होती. आठवड्यांचे काम दिवसांवर आले, आणि काळ्या मोटारींच्या जगात रंगांचा असा पूर आला की १९२७ साली जनरल मोटर्सला हार्ली अर्ल याच्या हाताखाली कला आणि रंग यांचे स्वतंत्र खातेच उघडावे लागले.

या एका शोधाभोवती किती धंदे उभे राहिले ते पाहण्यासारखे आहे. ओहायोतील डेव्हिलबिस नावाच्या वैद्याने घशात औषध फवारण्यासाठी एक उपकरण केले होते. त्याच्या मुलाने त्याच तत्त्वावर रंगाची फवारणी करणारी बंदूक बनविली होती, तिला आता खरे काम मिळाले. मिनेसोटातील थ्रीएम कंपनीने पाण्यात भिजवून वापरता येईल असा घासकागद १९२१ मध्ये काढला, त्यामुळे रंगशाळेतील विषारी धूळ हवेत न उडता पाण्याबरोबर खाली जाऊ लागली. आमचे पेंटर ज्याला ‘वॉटर पेपर’ म्हणतात तो हाच. त्याच कंपनीचा तरुण नोकर रिचर्ड ड्रू हा सेंट पॉल शहरातील एका गॅरेजात घासकागदाचे नमुने दाखवावयास गेला असता, दुरंगी गाडी रंगविणारे कारागीर डिंकाने चिकटविलेले वर्तमानपत्र ओढून काढताना नवा रंगही त्याबरोबर सोलून येत असल्यामुळे हताश झालेले त्याने पाहिले आणि १९२५ साली सहज निघून येणारी चिकटपट्टी शोधून काढली. घराघरांत आज जी चिकटपट्टी आहे तिच्या वंशाचा मूळपुरुष असा मोटारीच्या रंगाच्या दुकानात जन्मला.

परंतु ड्यूकोने कारखानदाराचा जो वेळ वाचविला तो नाहीसा झाला नाही. तो दुसऱ्याच्या माथ्यावर गेला. नायट्रोसेल्युलोजचे लॅकर वाळल्यावर अंगचे तेज फारसे दाखवीत नसे. ते घासून, बारीक कणांच्या मलमाने मळून, चमक ‘काढावी’ लागे. शिवाय त्यावर रोगणाचा पारदर्शक थर नसल्यामुळे रंग हाच आता पृष्ठभाग झाला होता. उन्हाने त्यातील बांधणारे द्रव्य जळे आणि रंगाचे कण उघडे पडून वर्ष दोन वर्षांत गाडीवर खडूसारखी पांढुरकी कळा येई. यावर उपाय एकच होता: मेलेला थर घासून काढावयाचा आणि खालचा ताजा रंग उघडा करावयाचा. घासणाऱ्या फडक्यावर गाडीचा रंग उतरे, आणि तो उतरला म्हणजे काम नीट झाले असे समजत. अशा रीतीने कोचमनाच्या विद्येच्या अगदी उलट अशी एक विद्या जन्मास आली. न घासणे हा पूर्वी नियम होता; घासणे हा आता नियम झाला. मालकाने रविवारी बाह्या सरसावून गाडीला पॉलिश करावे, हा अमेरिकेतील कुटुंबवत्सल गृहस्थाचा जो परिपाठ पुढे रूढ झाला त्याच्या मुळाशी हे रसायन होते.

घासून उघडा केलेला रंग पुन्हा उन्हापासून झाकावयाचा तर काही आवरण हवे, आणि ते मेणाने दिले. या कामी सर्वोत्कृष्ट ठरलेले मेण ब्राझीलच्या ईशान्येकडील सेआरा, पियाउई आणि रिउ ग्रांदी दु नॉर्ती या दुष्काळी प्रांतांतील कार्नाउबा नावाच्या ताडाचे. पावसाविना महिनोन् महिने काढावयाचे असल्यामुळे हा वृक्ष आपल्या पानांतील ओल उडू नये म्हणून त्यांवर मेणाची पूड धारण करतो. कोरड्या ऋतूत पाने कापून, उन्हात वाळवून, झोडपून ती पूड झाडतात आणि वितळवून तिच्या वड्या करतात. वनस्पतिज मेणांत हे अत्यंत कठीण. ८० अंश सेल्सियसच्या वर तापविल्याशिवाय वितळत नाही, म्हणून उन्हात तापलेल्या बॉनेटवरही टिकते. नुसते लावता येत नाही इतके ते कठीण असल्यामुळे टर्पेंटाइनसारख्या द्रावकात आणि मऊ मेणांत मिसळून त्याचे मलम करतात. एका वृक्षाने अवर्षणावर योजलेली तजवीज परक्या देशांतील मोटारींच्या उन्हावरचा उपाय झाली, ही मला या इतिहासातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला, आणि त्या सुमारास ड्यूकोही येथे परिचयाचे झाले. इतके की पुढे कोणत्याही कंपनीचे लॅकर असो, पेंटर त्याला ड्यूकोच म्हणू लागला. लोअर परळला १९२० मध्ये निघालेली गॅहॅगन कंपनी, जी कालांतराने गुडलास नेरोलॅक झाली, आणि महायुद्धामुळे विलायती माल बंद असता १९४२ साली मुंबईतील एका गॅरेजात चार मित्रांनी सुरू केलेली एशियन पेंट्स, यांच्यामुळे रंग येथेच होऊ लागले. परंतु रंगापेक्षा कठीण होते ते हवामान. ड्यूकोचा द्रावक झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड होतो, आणि पावसाळ्यातील मुंबईची हवा ओलीचिंब असल्यामुळे त्या थंड पृष्ठभागावर दव धरून रंग पांढरट पडतो. यासाठी पेंटर सावकाश उडणारे थिनर घालीत, उघडीप पाहून काम काढीत आणि श्रावणात ज्याला घाई आहे त्याला परत पाठवीत. या पेंटरांची कामगिरी मी फार मोठी मानतो. बहुतेकांनी शाळेत रसायनशास्त्राचे नावही ऐकले नव्हते. पण ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर लांबी भरणे, ती खडबडीत कागदापासून क्रमाक्रमाने बारीक कागदापर्यंत पाणी घालीत घासणे, डोळे मिटून तळवा फिरवून खळगा ओळखणे, उन्हाने फिकटलेल्या जुन्या दाराशी नव्या दाराचा रंग केवळ नजरेने जुळविणे, ही सारी हिकमत त्यांनी उस्तादाच्या हाताखाली मिळविली. आणि तिची किंमत त्यांच्या देहाने दिली. सफेद्यात शिसे होते, पिवळ्याधमक क्रोम रंगात शिसे होते, थिनरची वाफ डोक्यात जाई, आणि तोंडाला बांधलेला रुमाल यांपैकी काहीही अडवीत नसे. पांढऱ्या शिशाच्या रंगाविरुद्ध जिनिव्हास आंतरराष्ट्रीय करार १९२१ सालीच झाला होता. तो कागदावरून अरुंद गल्लीतील गॅरेजात पोहोचण्यास किती पिढ्या लागल्या हे मनात आले म्हणजे त्या काळच्या चकाकत्या गाड्यांकडे पाहणे तितकेसे सुखाचे राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर या निगेला आणखी एक कारण मिळाले, आणि ते तुटवड्याचे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० निघू लागली आणि तिचीच पुढची अवतारमालिका पद्मिनीपर्यंत गेली. पण परमिट आणि कोटा यांच्या त्या युगात नोंदणी केल्यावर गाडी हाती येण्यास वर्षानुवर्षे लागत, म्हणून मिळालेली गाडी वीस वर्षे टिकविणे हे कुटुंबाचे कर्तव्य होऊन बसे. आता रंगही बदलला होता. जवसादी तेलांशी संयोग केलेल्या कृत्रिम राळेची, अल्किड जातीची, ‘सिंथेटिक एनॅमल’ आली होती. ती ड्यूकोहून स्वस्त, अंगचीच तकतकीत, ट्रक, बस आणि टॅक्सी यांना सोयीची, आणि तिच्याच आगमनाने काउरी व चंद्रस यांचा शतकभराचा व्यापार बसला. परंतु हिच्याही वर पारदर्शक थर नव्हता, म्हणून रबिंग कंपाउंडचा, म्हणजे त्याच घासण्याच्या मलमाचा, अंमल चालूच राहिला. गाडी मंद दिसली की रबिंग, दिवाळी आली की रबिंग, लग्न निघाले की रबिंग. आणि एरवी रोज सकाळी कोंबडीच्या पिसांच्या झटक्याने धूळ झाडून वर पिवळे फडके. टॅक्सीवाले आणि ट्रकवाले फडक्याला रॉकेलाचा किंवा डिझेलचा हात लावीत. त्याने तेलाचा पापुद्रा बसून गाडी घटकाभर काचेसारखी दिसे, पण त्याच पापुद्र्यावर दुपारपर्यंत गिरण्यांची काजळी आणि रस्त्याची माती येऊन बसे आणि दुसऱ्या दिवशी ती रंगात मळली जाई. वर काळजी आणि खाली नुकसान, असा हा प्रकार होता. तरी त्या काळाला दोष देता येत नाही, कारण एनॅमलचा थर जाड असे, खालपर्यंत एकच रंग असे, आणि फारच बिघडले तर पुन्हा फवारा मारणे स्वस्त असे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी, ज्यांतील शेवटच्या नोंदणीची टॅक्सी २००३ ची आणि जिची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, त्या आपल्या हयातीत कितीदा नव्याने रंगल्या असतील याची गणती त्यांच्या मालकांनाही ठेवता आली नसेल.

यानंतर झालेला पालट जगात १९८० च्या दशकात आणि आपल्याकडे मुख्यतः नव्वदीनंतर सर्वत्र पसरला, आणि तो डोळ्यांना न दिसणारा असल्यामुळे त्याची नोंद फारशी कोणी घेतली नाही. सांगाडा विजेच्या टाकीत बुडवून त्यावर गंजरोधक लेप चढविण्याची पद्धत तत्पूर्वीच रुळली होती; आता रंगाचा थर अगदी पातळ करून त्यावर निराळा, बिनरंगाचा, पारदर्शक थर देऊ लागले. हा ‘क्लिअर कोट’ साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. झिलई त्याची, उन्हातील जंबुपार किरणे अडविणारी द्रव्ये त्याच्यात, आणि ॲल्युमिनियमच्या चुऱ्याने चमचमणाऱ्या रंगाचे रक्षणही त्याच्याकडे. म्हणजे दोन पिढ्यांच्या फेऱ्यानंतर मोटार पुन्हा बग्गीच्या रचनेवर आली: खाली रंग, वर रोगण. द्रव्ये सर्वस्वी भिन्न, पण मांडणी तीच. आणि मांडणी तीच असल्यामुळे निगेचा न्यायही तोच. ज्या क्षणी रंगावर पारदर्शक थर आला त्या क्षणी ड्यूकोच्या काळचा घासण्याचा नियम रद्द व्हावयास हवा होता आणि कोचमनाचा न घासण्याचा नियम पुन्हा अमलात यावयास हवा होता. तसे झाले नाही. फडक्यावर रंग उतरेनासा झाला, तेव्हा लोकांना वाटले की आता काहीच झिजत नाही. वस्तुतः झिजत होता तो पारदर्शक थर, आणि तो पारदर्शक असल्यामुळेच फडक्यावर दिसत नव्हता. प्रत्येक कडक रबिंग त्यातील काही मायक्रॉन नेते. तो पातळ झाला की आतील रक्षक द्रव्येही तितकीच उणी होतात, आणि मग छपरावर व बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटू लागतात, ज्यांवर कोणतेही मेण चालत नाही.

जाणते कारागीर आता पत्र्यावर एक लहान यंत्र टेकवून थरांची जाडी मोजतात आणि मगच पॉलिशच्या यंत्राला हात घालतात. काचेसारखे सिरॅमिक लेप आणि पारदर्शक फिल्म यांचाही बाजार मोठा झाला आहे. त्यांचा विस्तार मी येथे करीत नाही, कारण कोचमनाच्याच तत्त्वाचे ते महागडे रूप आहे: मूळ थराला शिवावयाचे नाही, वर दुसरे काही ठेवावयाचे. अधिक लक्षणीय गोष्ट ही की परदेशांतील आणि येथील चोखंदळ मंडळी आज दोन बादल्यांची जी पद्धत नवी म्हणून शिकवितात, एकीत साबणाचे पाणी, दुसरीत हातमोजा खंगाळावयाचा, चाकांसाठी सर्वस्वी निराळे सामान, आणि पाण्याचा मारा आधी, स्पर्श नंतर, ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या गाडीखान्यातील दोन स्पंजांचीच पद्धत आहे. तेवढा साबण निराळा; कारण कोचमनास माहीत असलेला साबण क्षारयुक्त होता आणि आजचा तसा नाही.

आपल्या शहरांत या तत्त्वाला सर्वांत मोठा अडथळा पाण्याचा आहे. एका बादलीत दहा गाड्या पुसावयाच्या, म्हणजे तिसऱ्या गाडीपासून पाणी गढूळ आणि फडक्यात वाळूचे कण. उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटकडे तिरपे पाहिले म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखी जी गोल ओरखड्यांची नक्षी दिसते ती याच फडक्याने काढलेली असते. यात त्या माणसाचा दोष नाही. त्याला महिन्याकाठी मिळणारा मोबदला आणि सोसायटीने नळाला लावलेले कुलूप यांचा हा दोष आहे, आणि मालकाला गाडी रोज पुसलेली दिसावी हा आग्रहही त्यास तितकाच कारण आहे. कोरडी धूळ फडक्याने ओढण्यापेक्षा ती चार दिवस तशीच राहिलेली बरी, हे ऐकून पुष्कळांना राग येतो. पण पिवळ्या फडक्याचा काळ एनॅमलबरोबर संपलेला आहे. टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी वापरले तर ते अंगावर सुकू न देणे, आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यांच्या चिकट्यामुळे त्या झाडाखाली गाडी न लावणे, पक्ष्याची विष्ठा नखाने न खरवडता ओल्या बोळ्याने भिजवून उचलणे, इतके केले तरी पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत फार काही बिघडत नाही.

राहता राहिला दसरा. खंडेनवमीस शस्त्रे पुजण्याच्या जागी आता बहुसंख्य घरांत गाडी येऊन बसली आहे, आणि कोल्हापूरच्या शाही दसऱ्याच्या स्वारीत तर छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार अजूनही मिरवते. आदल्या दिवशी गाडी धुणे, झेंडूचे तोरण बॉनेटवर बांधणे, हळदकुंकवाचे स्वस्तिक काढणे, चाकाखाली लिंबू ठेवणे, हा सोहळा मला मनापासून प्रिय आहे आणि त्यातील काही सोडावे असे मी म्हणणार नाही. हळदीचा डाग पांढऱ्या गाडीवर राहिला तरी हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, तो काही दिवसांत आपणच विरतो. कुंकवाचे मात्र तसे नाही, आणि ओल्या झेंडूचे देठ रात्रभर बॉनेटवर दबून राहिले तर त्यांचाही वण उठतो. लिंबाचा रस तापलेल्या पत्र्यावर सुकला तर आम्लाने पारदर्शक थर कोरला जातो. म्हणून सीमोल्लंघन करून, सोने वाटून घरी परतल्यावर, गाडी सावलीत थंड होऊ द्यावी, तोरण ओढून न काढता दोरा कापून उचलावे, आणि कुंकू व रस वाहत्या पाण्याने, फडके न लावता, त्याच संध्याकाळी धुऊन टाकावे.